आजोबांच्या पाटीवर 'कँट' एवढंच उरलंय. पुढची अक्षरं काय असतील?

खिडकीपाशी (धागाकर्ता)
मंडळी, आमचा सदाशिव पेठेतला वाडा पुढच्या महिन्यात पडतोय. माळे उपसणं चालू आहे. काल दारावरची पाटी उतरवली. पितळी, दीड वीत लांब, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. त्यातला एक फिरवताना मोडलाच. आत्या दर दिवाळीला ती चिंच आणि राख लावून घासायची. साठेक वर्षं उजव्या हाताने घासून घासून उजवी बाजू पार गुळगुळीत झालीय. इंग्रजी अक्षरांत आजोबांचं नाव, खाली 'बी.ए. (बॉम्बे), एम.ए.' आणि मग कंस उघडून 'कँट'. त्याच्यापुढे नुसता आरसा. तोंड दिसतं.

नव्या फ्लॅटसाठी हुबेहूब तशीच पाटी करायला टाकलीय. कोरणारा विचारतो, साहेब, पुढे काय लिहू? एक चुलतभाऊ म्हणतो कँटरबरी. दुसरा म्हणतो कँटोन्मेंट, कारण आजोबा काही दिवस पुणे कँपात राहत होते. (हा भाऊ इंजिनियर आहे, काय बोलणार.) आत्या म्हणते, ते केंब्रिजला होते, १९२१ साली बोटीने गेले आणि १९२४ ला एम.ए. होऊन आले. पण केंब्रिजमध्ये 'एन' आणि 'टी' आले कुठून?

लीड्सकर
आत्याबाई बरोबर आहेत. 'कँटॅब' आहे ते. केंब्रिजचं लॅटिन नाव कँटाब्रिजिया, त्याचं विशेषण कँटाब्रिजिएन्सिस, म्हणजे 'केंब्रिजचा'. गावाचं जुनं इंग्रजी नावही कँटेब्रिजच्या जवळ जाणारं होतं. पुढे बोलण्यात ते झिजून केंब्रिज झालं, लॅटिनमध्ये मात्र 'एन' आणि 'टी' तसेच राहिले. तुमच्या पाटीच्या बरोबर उलटं. गंमत म्हणजे तिथल्या नदीचं जुनं नाव ग्रँटा. गाव केंब्रिज झाल्यावर लोकांनी 'मग नदी केमच असणार' असं धरून चालून नदीचं नाव बदललं.

ऑक्सफर्डचं ऑक्सन तसंच, ऑक्सोनियेन्सिसचं आखूड रूप. डरॅमचं डनेल्म. यॉर्कचं एबॉर, कारण रोमन काळात यॉर्क म्हणजे एबोराकम. एक्सेटरचं एक्सॉन. ही सवय चर्चमधून आलेली दिसते. तिथले बिशप आजही आडनावाऐवजी गावाचं लॅटिन नाव लावून सही करतात. कँटरबरीचे आर्चबिशप स्वतःच्या नावापुढे 'कँटुआर' लिहितात, यॉर्कचे 'एबॉर'. त्यामुळे चुलतभावाचा कँटरबरीचा तर्क अगदीच टाकाऊ नाही. फक्त कँटरबरीला विद्यापीठ निघालं १९६५ साली. आजोबा तोवर पेन्शनीत निघाले असतील.

इथे पडदे-उशा विकणाऱ्या दुकानांची एक साखळी आहे, तिचं नावच डनेल्म. मी नवीन आले तेव्हा ऑफिसात एकाच्या सहीखाली 'बी.ए. (डनेल्म)' वाचलं. पडद्याच्या दुकानात कसली बी.ए. देतात, असा प्रश्न दोन दिवस मनात ठेवून वावरले होते.

उचापती
आणि ऑक्सन म्हणजे बैल ना? इंग्रजीत एक ऑक्स, अनेक ऑक्सन. म्हणजे 'एम.ए. (बैल)'. आमच्याकडे हे कंसाशिवाय लावतात.

लीड्सकर
@उचापती, उच्चार तोच, शब्द वेगळा. पण ऑक्सफर्डचा अर्थ खरंच 'बैल पार होतात तो उतार' असाच आहे, त्यामुळे तुम्ही हिंडून-फिरून बरोबर गावी पोचलात. आणखी एक, ऑक्सफर्डशायर या सगळ्या काउंटीचंही जुनं संक्षिप्त रूप ऑक्सनच. पत्त्याखाली 'ऑक्सन' दिसलं तर लगेच नमस्कार करू नका, माणूस शेतकरी असेल. बैलवालासुद्धा.

सनदी वकील
विषय निघालाच आहे तर माझं एक जुनं गाऱ्हाणं. कोर्टाच्या आवारात दहातल्या आठ पाट्यांवर 'एल.एल.बी.' असं लिहिलेलं असतं, दोन एलच्या मध्ये टिंब. ते टिंब चूक आहे. ते दोन वेगळे शब्द नाहीत. लॅटिनमध्ये संक्षेपाचं अनेकवचन करायचं तर अक्षर दोनदा लिहायची पद्धत. आपण पुस्तकाची पानं सांगताना इंग्रजीत 'पीपी' लिहितो ना, तसंच. लेगुम म्हणजे 'कायद्यांचा'. एक कायदा नाही, कायदे. म्हणून एलएल. जोडून आणि मग टिंब देऊन बी. मराठीत 'एल्एल.बी.' लिहायचे ते जुने लोक शहाणे होते, पहिल्या एलचा पाय मोडून त्यांनी बरोबर दाखवलं होतं. टिळकांनी १८७९ साली घेतली ती हीच.

'कायदे' अनेकवचनी का, तर युरोपच्या जुन्या विद्यापीठांत दोन कायदे शिकवत: एक रोमन म्हणजे नागरी, दुसरा चर्चचा. आठव्या हेन्रीने पोपशी भांडण काढल्यावर इंग्लंडातलं चर्चच्या कायद्याचं शिक्षण बंद केलं. ऑक्सफर्डची पदवी आजही बी.सी.एल. आहे, बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ. केंब्रिजने एलएल.चं अनेकवचन चालू ठेवलं.

पाटी रंगवणाऱ्याला मी हे सगळं सांगितलं होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आणि टिंब दिलं.

मी आणि चहा
वकीलसाहेब, तुमची पाटी किती मोठी आहे ते आधी सांगा.

सनदी वकील
बेताची. बार कौन्सिलचा नियमच आहे, पाटी वाजवी आकाराची हवी. पूर्वी न्यायाधीश होतो वगैरे लिहायलाही बंदी. डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरीणबाई
विचारा की. एम.बी.बी.एस. ही एक पदवी वाटते, खरं तर त्या दोन पदव्या आहेत. मेडिसिनाए बॅकलॉरिअस आणि त्याला जोडून सर्जरीची बॅचलर. सर्जरीला लॅटिनमध्ये चिरुर्गिया, मूळ ग्रीक. त्यात 'हात' आणि 'काम' असे दोन शब्द आहेत. हातकाम! म्हणून ऑक्सफर्डचे डॉक्टर बी.एम., बी.सीएच. लिहितात, केंब्रिजचे एम.बी., बी.चिर., एडिंबराचे एम.बी., सीएच.बी. अभ्यास तोच, अक्षरांची नुसती फुगडी. आपण लंडनची पद्धत उचलली, कारण १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं तेच लंडनच्या नमुन्यावर.

माझ्या आजेसासऱ्यांच्या दवाखान्याची पाटी 'एल.सी.पी.एस.' होती. आज ती कोणाला दाखवली तर बोगस म्हणतील. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचं लायसेन्स होतं ते. खेड्यापाड्यात बाळंतपणं केली ती याच लोकांनी.

जुना पेन्शनर
धागाकर्त्यांस, पाटीवरचा 'बॉम्बे' सांभाळा, कृपया 'पुणे' करू नका. तुमचे आजोबा बहुधा फर्ग्युसन नाहीतर डेक्कनला शिकले असतील, तरी पदवी मुंबईचीच. पुणे विद्यापीठ १९४९ चं. त्याच्या आधी पुणं, धारवाड, अहमदाबाद, पार कराचीपर्यंतची पोरं मुंबईच्या नावाने बी.ए. होत. १८६२ च्या पहिल्या तुकडीतले रानडे-भांडारकरही बी.ए. (बॉम्बे)च.

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. तुमच्या आजोबांनी एम.ए.ची परीक्षा दिलेली नाही.

खिडकीपाशी
म्हणजे?? आत्या शेजारी बसलीय आणि मी तिला वाचून दाखवतोय. जपून लिहा.

जुना पेन्शनर
आत्यांना नमस्कार सांगा. खोटेपणा काही नाही. केंब्रिजमध्ये परीक्षा होते ती बी.ए.ची, तिला ट्रायपॉस म्हणतात. एम.ए.ला परीक्षा नाही, प्रबंध नाही, वर्गसुद्धा नाही. पहिली टर्म संपल्यापासून सहा वर्षं लोटली की बी.ए.ने अर्ज करायचा, थोडी फी भरायची, झाला एम.ए. ऑक्सफर्डला प्रवेशापासून एकवीस टर्म मोजतात, म्हणजे सात वर्षं. १९२१ च्या ऑक्टोबरात गेलेला मुलगा १९२४ ला एम.ए. होऊन येऊच शकत नाही. बी.ए. होऊन आले असणार.

उचापती
म्हणजे नुसतं जिवंत राहायचं आणि एम.ए. व्हायचं? ही योजना आपल्याकडे कधी?

फूटनोट
हसू नका, मूळ कल्पना चांगली होती. मध्ययुगात कलाशाखेचा पूर्ण अभ्यासच सात वर्षांचा होता. बी.ए. हा अर्ध्या वाटेवरचा थांबा. मॅजिस्टर म्हणजे गुरू. तो झाला की शिकवायचा अधिकार आणि विद्यापीठाच्या सभेत मत. हळूहळू पुढच्या वर्षांचा अभ्यास गळून पडला, वर्षं मोजणं राहिलं. आपल्याकडे मुंजीतला 'भिक्षां देहि' जसा राहिला आहे तसंच. मुलगा दारोदार जात नाही, पण झोळी आहे.

स्कॉटलंडचं आणखी निराळं. एडिंबरा, ग्लासगो, सेंट अँड्र्यूज, ॲबर्डीन या जुन्या विद्यापीठांत कलाशाखेची पहिलीच पदवी एम.ए. चार वर्षं अभ्यास, रीतसर परीक्षा. म्हणजे 'एम.ए. (एडिन)' परीक्षा देऊन, 'एम.ए. (कँटॅब)' वाट बघून, आणि 'एम.ए. (बॉम्बे)' बी.ए.नंतर पुन्हा घासून. तिन्ही एम.ए. शेजारी ठेवले तर फरक फक्त कंसात कळतो. कंस दागिना म्हणून नाही लावत, त्याचं काम हेच आहे.

यावर ब्रिटनमध्येही चिडचिड आहे. २०११ साली एका खासदाराने हे वाट-बघ्ये एम.ए. बंद करा म्हणून संसदेत विधेयक मांडलं होतं. काही झालं नाही, दोन्ही विद्यापीठं अजून देतात.

देवळालीची लेक
आमच्या नाशिककडचं एक नाव या धाग्यात यायलाच हवं. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १८६६, नाशिकचा. शिक्षण डेक्कन कॉलेजात, १८८८ च्या सुमारास बी.ए., मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. तिथून ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात. १८९२ साली त्यांनी बी.सी.एल.ची परीक्षा दिली, वर वकीलसाहेबांनी सांगितलेली तीच. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पास झाल्या. पण पदवी नाही! बायकांनी वर्गात बसावं, पेपर लिहावा, पास व्हावं, कंसात 'ऑक्सन' लावायचं मात्र नाव काढायचं नाही. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० साली. कॉर्नेलियाबाईंना ती मिळाली १९२२ ला. तीस वर्षांनी.

जुन्या पेन्शनरकाका, तुमचे पुरुष एम.ए. सात वर्षं वाट बघून होत होते. ही बाई पेपर देऊन तीस वर्षं थांबली.

फूटनोट
@देवळालीची लेक, यात एक लॅटिन शब्द जोडतो. आद एउंडेम, म्हणजे 'त्याच पायरीवर'. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज एकमेकांच्या पदवीधरांना परीक्षेशिवाय आपली तीच पदवी देत. ट्रिनिटीने १९०४ साली बायकांना पदव्या खुल्या केल्या. झालं, ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये पास होऊन हात हलवत बसलेल्या बाया बोटीत बसून आयरिश समुद्र ओलांडून डब्लिनला जाऊ लागल्या. सकाळी पोचायचं, झगा भाड्याने घ्यायचा, पदवी घ्यायची, परत. त्यांना नावच पडलं, स्टीमबोट लेडीज. १९०७ पर्यंत सातशेच्या आसपास जणी जाऊन आल्या. शिकल्या केंब्रिजला, कंसात डब्लिन.

देवळालीची लेक
केंब्रिज तर ऑक्सफर्डच्याही मागे. तिथे बायकांना पूर्ण पदवी १९४८ साली. म्हणजे आपण स्वतंत्र झाल्यावर! १९२१ पासून नुसती नावापुरती पदवी देत, विद्यापीठाच्या कारभारात मत नाही. आता हे बघा. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, दापोलीजवळच्या मुर्डीचे, १८९९ ला केंब्रिजचे सीनियर रँग्लर. सगळ्या महाराष्ट्राला माहीत. त्यांच्या कन्या शकुंतलाबाई तिथेच न्यूनहॅम कॉलेजात गणितच शिकल्या आणि १९२९ ला ट्रायपॉस पास झाल्या. विद्यापीठ तेच, परीक्षा तीच. बापाची पदवी पूर्ण, लेकीची नावापुरती.

उचापती
रँग्लर हे जीन्सचं नाव आहे असं मी कॉलेजात असताना एकाला ठासून सांगितलं होतं. ते गृहस्थ फर्ग्युसनचे माजी प्राध्यापक निघाले.

जुना पेन्शनर
रँग्लर म्हणजे वाद घालणारा. गणिताच्या ट्रायपॉसमध्ये पहिल्या वर्गात येणारा प्रत्येक जण रँग्लर, त्यातला पहिला सीनियर. १९०९ पर्यंत क्रमवार यादी जाहीर होत असे, पुढे क्रमांक बंद झाले. परांजप्यांचा पहिला नंबर एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून होता. ही पदवी नव्हे, निकालाचा शिक्का. पण आपण काय केलं? उचलून नावाच्या आधी ठेवला. रँग्लर परांजपे. इंग्लंडात कोणी कोणाला असं हाक मारत नाही. पुढे जयंत नारळीकर आणि त्यांचे वडील विष्णु वासुदेव, बापलेक दोघेही रँग्लर झाले.

मी आणि चहा
नावाआधी लावायचं निघालंच तर, समाजसेवेबद्दल मानद डी.लिट. मिळालेले आमचे नगरसेवक गाडीच्या काचेवर 'डॉ.' लावून हिंडतात. चालतं का?

फूटनोट
मानद पदवीसाठी 'ऑनॉरिस कॉझा' असं लॅटिन आहे, 'सन्मानार्थ'. जर्मनीत ते डॉक्टरच्या पुढे 'एच.सी.' म्हणून लिहावंच लागतं, आणि अशा बऱ्याच मिळाल्या असतील तर 'एच.सी. मुल्ट.', म्हणजे पुष्कळ. तिथे नसलेली पदवी मिरवणं फौजदारी गुन्हा आहे. इकडे काचेवर लावा नाहीतर छतावर.

कमावलेली आणि सन्मानाची यातला फरक बघायचा तर बाबासाहेबांच्या पदव्या मांडून पाहाव्यात. बी.ए. बॉम्बे १९१२, एम.ए. कोलंबिया १९१५, एम.एस्सी. लंडन १९२१, डी.एस्सी. लंडन १९२३, पीएच.डी. कोलंबिया १९२७. वर ग्रेज इनची बॅरिस्टरी, ती विद्यापीठाची पदवीच नाही. या सगळ्या अभ्यास करून. कोलंबियाची एलएल.डी. १९५२ आणि उस्मानियाची डी.लिट. १९५३, या दोन सन्मानार्थ. डॉक्टर ते त्या दोन्हींच्या पंचवीस-तीस वर्षं आधीच होते.

सनदी वकील
एलएल.डी. जोडून लिहिल्याबद्दल आभारी आहे.

लीड्सकर
@खिडकीपाशी, आजोबांचा झगा घातलेला फोटो आहे का? केंब्रिजमध्ये झग्यावर पाठीमागे लोंबतं ते हूड पदवीप्रमाणे बदलतं. बी.ए.चं काळं कापड, आतून पांढरी लव, फरची. एम.ए.चं काळं रेशीम, आतून पांढरं रेशीम. ऑक्सफर्डचं एम.ए. आतून किरमिजी. ब्लॅक अँड व्हाइट फोटोतही लव आणि रेशीम यांतला फरक कळतो.

खिडकीपाशी
दोन दिवस उत्तर देता आलं नाही. ट्रंका उघडत होतो.

फोटो एक नाही, दोन निघाले. पहिला १९२४ चा, मागे स्टुडिओचा शिक्का. आजोबा हडकुळे, गालफडं बसलेली, खांद्यापाशी हूडची कड दुमडून बाहेर आलीय आणि ती चक्क केसाळ आहे. आत्याचं भिंग लावून पाहिलं. मांजराच्या पोटासारखी. दुसऱ्यावर पेन्सिलीने १९३३. आजोबांना टक्कल, पोट, चष्मा. हूडची कड सपाट आणि चकचकीत. १९३३ साली ते कामासाठी दोनेक महिने पुन्हा विलायतेला गेले होते, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे जाऊन हे उरकून आले, हे कोणालाच नाही.

आत्याने दोन्ही फोटो बराच वेळ शेजारी धरले. मला वाटलं रागावणार. म्हणाली, "आई म्हणायची, विलायतेहून येताना ह्यांनी माझ्यासाठी काही आणलं नाही, स्वतःसाठी मात्र पाटी बदलली." म्हणजे दारावर आधी वेगळी पाटी होती! त्यावर बी.ए. (कँटॅब) असणार. मग तिने मला विचारलं, ती जुनी कुठे गेली? आता पुन्हा माळा.

कोरणाऱ्याला 'कँटॅब' सांगितलं. तो म्हणतो, शेवटी टिंब द्यायचं का? अक्षराचे पैसे घेतो, टिंब फुकट.

सनदी वकील
संक्षेप आहे, द्या. पण कंसाच्या आत. बाहेर दिलंत तर मी बघायला येईन.

डॉक्टरीणबाई
आणि नव्या पाटीला चिंच लावू देऊ नका हो.

खिडकीपाशी
पाटी अजून हातात आलेली नाही. आत्याने चिंच भिजत घातलीय.